इंफाळची पोस्टिंग आणि 'अंग भरेल' ही भीती

फौजेत पीटीच्या उस्तादाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "उस्ताद, दंड कधी भरतील?" हा विचारणारा बहुधा लग्न ठरलेला जवान असतो. दुसरा प्रश्न नेमका उलटा. "उस्ताद, वजनं उचलली तर अंग जड होणार नाही ना?" हा क्रॉसकंट्रीच्या टीममधला पोरगा विचारतो, हौसेने सायकल चालवणारे कॅप्टन साहेब विचारतात आणि फॅमिली क्वार्टर्समधल्या, हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या मॅडमही विचारतात. गंमत अशी की पहिल्याला जे वर्षभर घाम गाळून मिळत नाही, ते आपल्याला दोन महिन्यांत चुकून मिळेल अशी धास्ती दुसऱ्याला असते.

पुण्याच्या आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल ट्रेनिंगमधून कोर्स करून आल्यापासून मी या दुसऱ्या प्रश्नाला उत्तरं देत आलोय. पण त्याचं उत्तर डोळ्यांनी बघायला मिळालं ते मणिपूरच्या पोस्टिंगमध्ये. आणि ते उत्तर गावाकडे, माझ्याच घरात पटवून द्यायची वेळ आली तीही त्याच काळात. त्याबद्दल आज लिहितो. युनिट, ठिकाण, तिथल्या घडामोडी यांवर नेहमीप्रमाणे काही नाही.

इंफाळ खोरं म्हणजे चहूबाजूंनी डोंगर आणि मध्ये सपाट भातशेती. तिथे खेळ हा रोजच्या जगण्याचा भाग आहे. सकाळी गाडी घेऊन निघालं की कुठल्याही मोकळ्या तुकड्यावर फुटबॉल चाललेला दिसतो, पोरींचासुद्धा. आणि बायका! इमा कैथेल हा इंफाळचा बाजार पूर्णपणे बायकांचा. 'इमा' म्हणजे आई. गाळ्यावर बसणाऱ्या सगळ्या बायकाच. भाजीच्या, तांदळाच्या, मासळीच्या टोपल्या उचलून आणणाऱ्या या बायका बघितल्या की आपल्याकडच्या तालमीतलं कोणी आठवत नाही. काटक, बुटक्या, सडपातळ. पण टोपली खाली ठेवताना कंबरेतून वाकण्याची ढब अशी, की मी माझ्या रिक्रूटांना ती दाखवायला घेऊन गेलो असतो.

२४ जुलै २०२१, शनिवार. टोकियो ऑलिंपिकमध्ये मीराबाई चानूने ४९ किलो वजनी गटात रौप्यपदक मिळवलं. स्नॅचमध्ये ८७ किलो, क्लीन अँड जर्कमध्ये ११५, एकूण २०२. आमच्याकडे टीव्हीसमोर जागा नव्हती. मीराबाई इंफाळ ईस्ट जिल्ह्यातल्या नोंगपोक काकचिंगची, म्हणजे आम्ही होतो तिथून फार लांबची नव्हे. लहानपणी डोंगरातून सरपणाची मोळी आणताना मोठ्या भावाला जी उचलत नसे ती ही उचलून आणायची, ही गोष्ट तिथे पोराटोरांना पाठ आहे. सरावाला जायला भाड्याचे पैसे नसायचे तेव्हा वाळूच्या ट्रकवाल्यांनी तिला फुकट नेलं होतं. पदक घेऊन आल्यावर तिने त्या ट्रकवाल्यांना बोलावून जेवण घातलं, त्यांचा सत्कार केला. मणिपुरी माणसं पदकापेक्षा हे जास्त अभिमानाने सांगतात.

पण उस्ताद म्हणून माझं लक्ष दुसऱ्याच आकड्याकडे होतं. २०१७ साली अनाहाइमला ती जगज्जेती झाली तेव्हा गट होता ४८ किलोचा आणि उचललं होतं १९४. एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंदला तिने क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलोचा जागतिक विक्रम केला तेव्हा गट ४९ किलोचा, तोही महासंघाने गट बदलले म्हणून. म्हणजे जगातली उत्तमातली उत्तम ट्रेनिंग, वर्षानुवर्षं, रोज लोखंड, आणि अंगाचं वजन जवळजवळ तिथल्या तिथे. उंची जेमतेम पाच फूट. अंगाच्या वजनाच्या सव्वादोन पटीहून जास्त वजन डोक्यावर. तिच्या आधी मणिपूरच्याच कुंजराणी देवीनेही पन्नास किलोच्या आतल्या गटांत जागतिक स्पर्धांतली रौप्यपदकं आणली होती. वजन उचलल्याने माणूस आपोआप फुगत असता, तर या मुली आपल्या गटात टिकल्याच नसत्या.

आता गावाकडे वळतो. मी कराड तालुक्यातला. आमच्याकडे व्यायाम म्हटलं की पैलवान, आणि पैलवान म्हटलं की मानेपासून मांडीपर्यंत एकजीव झालेला देह. ही प्रतिमा खोटी नाही, पण अर्धी आहे. तालमीतला पोरगा हजार-हजार बैठका मारतो हे आपण बघतो. त्यानंतर तो लिटर-लिटर दूध, बदामाची थंडाई, तूप, मटण रिचवतो आणि दुपारी तीन तास झोपतो, हे आपण मोजत नाही. अंग भरण्यासाठीच तो खातो. आणि कुस्तीतसुद्धा सगळे तसे नसतात. आमच्या शेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा गट होता ५७ किलोचा. मल्लखांबावरची पोरं बघा, एका हातावर अंग तोलतात आणि शर्ट घातला तर रांगेत ओळखू येत नाहीत. ताकद आणि आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्या मातीने कधीच दाखवून दिलंय. आपण फक्त केसरीच्या गटाकडेच बघत राहिलो.

माझी थोरली बहीण, अक्का, गावातच दिलेली. तिची मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती. महाराष्ट्रात पोलीस शिपाई पदाची मैदानी परीक्षा ५० गुणांची असते. मुलींसाठी ८०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि ४ किलोच्या गोळ्याला १५. भाची शाळेपासून ८०० मीटर पळायची, जिल्ह्यापर्यंत गेलेली. पळण्यावर तिचा सगळा भर. गोळा मात्र साडेचार मीटरच्या आसपास पडायचा. शिवाय नडगीचं दुखणं मागे लागलेलं. पळणं वाढवलं की नडगी ठणकायची, मग आठ दिवस विश्रांती, मग पुन्हा पहिल्यापासून.

तिचा फोन आला, "मामा, गोळ्याचं काय करू?"

मी म्हटलं, "गोळ्याचं आणि नडगीचं औषध एकच आहे. वजन उचलायला लाग."

पलीकडे शांतता. मग हळू आवाजात, "मामा, मी जड झाले तर पळणं जाईल. आणि आई तर ऐकायचीच नाही."

आई ऐकली नाहीच. अक्काने फोन घेतला आणि मला फैलावर घेतलं. "तू तिकडं जवानांना रगडा दे. माझ्या पोरीला पैलवान करू नकोस. नोकरी लागली नाही तर लग्न करायचं आहे तिचं. खांदे असे झाले तर कोण करून घेईल?"

या बोलण्याला हसू नका. अक्काच्या भीतीत व्यायामाचा भाग थोडा होता, बाकी सगळा हिशोब होता. नोकरी मिळेल याची खात्री नाही, आणि ती मिळवण्याच्या नादात दुसरी वाटही बंद झाली तर? गावातल्या आईला हे असं मोजावं लागतं. तिला शास्त्राचे आकडे सांगून उपयोग नव्हता. मी तिला एवढंच विचारलं, "अक्का, वैरणीचा भारा किती किलोचा असतो गं?"

"असंल वीस-पंचवीस."

"किती वर्षं आणतेस?"

"लग्न झाल्यापासून."

"मग तुझे खांदे कुठं पैलवानासारखे झाले?"

माझी अक्का अंगाने काडी आहे. पंचवीस वर्षं रोज डोक्यावर भारा, कमरेवर घागर, खताचं पोतं दोघींनी धरून बांधावर न्यायचं. तिच्याएवढं वजन उचलणारा माणूस आमच्या बॅरकमध्ये शोधावा लागेल. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण महिन्याभरात काय वेगळं दिसलं तर बंद." एवढी परवानगी पुरे होती.

अंग का भरत नाही, हे भाचीला मी फौजी भाषेत सांगितलं, तेच इथे लिहितो.

समजा तुझी मांडी म्हणजे शंभर जवानांची कंपनी आहे. जड काम आलं की शिट्टी वाजते. नवख्या माणसाच्या अंगात शिट्टी ऐकून साठच जवान फॉल-इन होतात, तेही मागेपुढे. बाकीचे बॅरकमध्येच. वजन उचलायला लागल्यावर पहिले सहा-आठ आठवडे नवीन भरती होतच नाही. असलेले जवानच वेळेवर आणि एकदम फॉल-इन व्हायला शिकतात. मेंदूकडून स्नायूकडे जाणारा हुकूम सुधारतो. म्हणून सुरुवातीला ताकद झपाट्याने वाढते आणि टेप लावली तर मांडी जवळपास तेवढीच असते.

नवीन भरती, म्हणजे स्नायू खरोखर जाड होणं, यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात. भरपूर सेट, गरजेपेक्षा जास्त खाणं आणि वर्षांचा काळ. आठवड्याला चाळीस किलोमीटर पळणाऱ्या माणसाजवळ यातली दुसरी गोष्ट नसतेच, खाल्लेलं सगळं रस्त्यावर खर्च होतं. त्यातून बाईमाणसाचं अंग. स्नायू वाढवणारं टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या रक्तात बायकांपेक्षा साधारण पंधरा पट असतं. इतकं असूनही आमच्या जवानांना दंड भरायला दोन-तीन वर्षं लागतात. पोरींनी एवढी काळजी कशाला करायची?

पळण्याचं काय? १९९९ साली फिनलंडमधल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तयारीच्या धावपटूंच्या एका गटाने नऊ आठवडे आपल्या सरावातला जवळजवळ एक तृतीयांश वेळ पळण्याऐवजी उड्या, स्प्रिंट आणि झटक्याने मारायचे वजनाचे व्यायाम यांना दिला. त्यांची ५ किलोमीटरची वेळ सुधारली. फुप्फुसा-हृदयाची क्षमता होती तेवढीच, पण प्रत्येक पावलाला लागणारी ऊर्जा कमी झाली. चांगलं स्प्रिंग बसवलेल्या गाडीसारखं, तेवढ्याच डिझेलमध्ये पुढे. आपल्या बीडच्या अविनाश साबळेचा स्टीपलचेस बघा. ३००० मीटरमध्ये २८ अडथळे आणि ७ पाण्यावरच्या उड्या, म्हणजे पस्तीस वेळा अंग उचलायचं आणि खाली झेलायचं. हे नुसत्या दमाचं काम आहे, असं कोण म्हणेल?

भाचीकडे जिम नव्हती, लागतही नव्हती. युरियाचं पोतं ४५ किलोचं येतं. तसल्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरून तिने तीन पोती केली, १०, २० आणि ३० किलोची. पाण्याचे २० लिटरचे दोन कॅन. दारातल्या चिंचेच्या फांदीला दोर. आठवड्यातून दोनच दिवस, चाळीस मिनिटं. मी पाठवलेला प्रोग्राम असा होता:

१. पोतं छातीशी धरून बैठक, ५ वेळा, ३ सेट.
२. जमिनीवरून दोन्ही कॅन उचलणं, पाठ सरळ, जोर कुल्ल्यांतून आणि मांडीतून, ५ वेळा, ३ सेट.
३. एका पायाने पायरीवर चढणं, हलकं पोतं खांद्यावर, प्रत्येक पायाला ६ वेळा, २ सेट.
४. पोतं छातीपासून डोक्यावर ढकलणं, ५ वेळा, ३ सेट. गोळ्यासाठी हे महत्त्वाचं.
५. दोराला धरून अंग वर ओढणं, सुरुवातीला पाय जमिनीवर टेकवून.
६. टाचा उचलणं, आधी दोन्ही पायांनी, मग एका पायाने, १५ वेळा, २ सेट. हे नडगीसाठी.

दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती. आपले पोरगे इथे घाई करतात, दम लागला नाही तर व्यायाम झाला नाही असं त्यांना वाटतं. दमासाठी पळणं आहेच, हे ताकदीसाठी आहे. प्रत्येक सेटला अजून दोन वेळा उचलता आलं असतं इतकी शिल्लक ठेवायची. पाच वेळा सहज व्हायला लागलं की ओंजळभर वाळू वाढवायची. जोरात पळायच्या आदल्या दिवशी वजन नाही. आणि मैदानी परीक्षेच्या आठवड्यात निम्मे सेट.

तिसऱ्या आठवड्यात अपेक्षेप्रमाणे फोन आला. अक्काचाच. "पोरीची सलवार मांडीला घट्ट बसायला लागली. आणि काटा किलोभर वर गेलाय. मी म्हणत नव्हते?"

वाचकहो, शंभरातले निम्मे लोक याच आठवड्यात वजनं सोडतात, म्हणून जरा थांबून सांगतो. नवीन व्यायाम सुरू केला की स्नायूंत बारीक झीज होते, ती भरून काढायला शरीर तिथे पाणी साठवतं. शिवाय कामाला लागलेला स्नायू जास्तीची साखर साठवतो, आणि ती साखरही आपल्यासोबत पाणी धरून ठेवते. व्यायामानंतर तासभर दंड टणक आणि मोठे वाटतात तेही रक्त धावल्यामुळे. ही सूज आहे, मांस नव्हे. दोन-चार आठवड्यांत काटा स्थिर होतो. मी अक्काला म्हटलं, "अजून पंधरा दिवस थांब. तोवर काट्याकडे बघू नकोस, घड्याळाकडे बघ."

बारा आठवड्यांनी हिशोब असा होता. वजन सत्तेचाळीसवरून साडेअठ्ठेचाळीस. गोळा साडेचारवरून साडेपाचच्या पुढे. ८०० मीटरला आधी तीन मिनिटं बारा सेकंद लागायचे, आता तीन मिनिटांच्या आत. नडगीसाठी एकही दिवस सुट्टी नाही. सलवार तीच, पुन्हा सैल.

२०२३ च्या सुरुवातीला मैदानी परीक्षा झाली. मैदान चांगलं गेलं, लेखीच्या यादीत नाव आलं, पण शेवटच्या यादीत थोडक्यात राहिली. घरात आठ दिवस चूल पेटली की नाही ते मला माहीत नाही, मी तेव्हा दूर होतो. फोनवर अक्का एवढंच म्हणाली, "आता बघू एखादं स्थळ." तिथे मी काही बोललो नाही. पोरगी बोलली. म्हणाली, "आई, मैदान माझं पक्कं आहे. लेखीला एक वर्ष दे." सकाळी पोतं, दिवसा पुस्तक, असं वर्ष काढलं. जून २०२४ मध्ये पुन्हा भरती निघाली, पावसात, चिखलात. या वेळी नाव आलं. आज ती वर्दीत आहे.

तिच्या यशाचं श्रेय पोत्याला देणार नाही, लेखी तिने स्वतः अभ्यास करून काढली. पण लेखीपर्यंत पोचायचं दार मैदानातून जातं. त्या मैदानावर पंधरा गुणांचा गोळा भीतीपायी सोडून देणाऱ्या कितीतरी पोरी मी सुट्टीवर आलो की बघतो. पोरांचंही तेच. अग्निवीर भरतीत १०० पैकी ४० गुण पुलअप्सना आहेत, दहा पूर्ण काढले की चाळीस. तरी पोरं पहाटे चारला उठून नुसती पळतात. अंग हलकं राहिलं पाहिजे म्हणून हातांना काम देत नाहीत आणि सहाव्या पुलअपला लोंबकळतात.

फौजेत तर ताकदीवाचून एक दिवस निघत नाही. बीपीईटीत हत्यारासकट ५ किलोमीटर पळायचं, नऊ फुटांचा खंदक ओलांडायचा, उभ्या दोरावर चढायचं. पिठ्ठू घेऊन डोंगर चढताना मागे पडतो तो बहुधा जाड जवान नसतो, पळण्यात पहिला येणारा पण खांद्यात जीव नसलेला सडपातळ जवान असतो. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या सेनेच्या नायब सुभेदार जेरेमी लालरिननुंगाने ६७ किलो गटात ३०० किलो उचलून सुवर्ण घेतलं. त्याच स्पर्धेत सांगलीच्या पानपट्टीवाल्याच्या पोराने, संकेत सरगरने, ५५ किलो गटात २४८ किलोचं रौप्य मिळवलं. दोघांना साध्या कपड्यांत एसटी स्टँडवर उभं करा, कोणी वळून बघणार नाही.

शेवटी माजी सैनिक मित्रांसाठी दोन शब्द. पेन्शन आल्यावर बहुतेक जण सकाळचं चालणं चालू ठेवतात, बाकी सगळं सोडतात. या वयात कशाला बॉडी करायची, असं म्हणतात. तिशीनंतर स्नायू हळूहळू उतरायला लागतात आणि साठीनंतर ती उतरण तीव्र होते. चालण्याने दम राहतो, पण खुर्चीवरून हात न टेकता उठणं, बसच्या पायरीवर चढणं, तोल गेल्यावर सावरणं हे ताकदीचं काम आहे. साठीत अंग भरायची भीती बाळगण्याचं कारणच नाही, असलेलं टिकवता आलं तरी पुष्कळ. डॉक्टरला एकदा विचारून घ्या, बीपी तपासा, आणि आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून दहा वेळा उठून बसण्यापासून सुरुवात करा. ते जमलं की हातात पाण्याची बाटली घ्या, मग दोन. श्वास रोखू नका, पाठ सरळ ठेवा, घाई करू नका.

आणि घरात मुलगी, सून, नात खेळत असेल, पळत असेल, तर तिला पोतं भरून द्या. वाळू पुरेशी कोरडी असू द्या, आणि पोत्याचं तोंड दोनदा शिवा.

जय हिंद.